मागच्या दिव्याची कैफियत

यंत्राच्या अंगावर जे अवयव बसवलेले असतात त्यांपैकी बहुतेकांचा उपभोग यंत्राचा धनी स्वतः घेत असतो: पुढचा दिवा त्याला वाट दाखवतो, भोंगा त्याचा अधिकार जाहीर करतो, आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डांवर चढवलेले कर्णे त्याची संगीतविषयक अभिरुची, मागणी असो वा नसो, वाटेवरच्या प्रत्येक गावाला पोचती करतात. ट्रॉलीच्या पाठीमागे जो एक तांबडा दिवा असतो, किंवा असावा अशी सरकारची अपेक्षा असते, तो मात्र सर्वस्वी परक्यांच्या सोयीसाठी नेमलेला इसम आहे. धन्याने आसनावर बसून कितीही मान वळवली तरी उसाच्या त्या डोंगरापलीकडचा दिवा त्याच्या दृष्टीस पडत नाही. तो जळत असल्याचे सुख त्याला नाही आणि विझल्याचे दुःखही नाही. त्याच्या प्रकृतीचे वर्तमान कळते ते नेहमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून, आणि ते तोंड पोलिसाचे असले तर हे वर्तमान काहीसे महागात पडते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, सूर्यास्तानंतर अर्धा तास झाला की वाहनांनी दिवे लावलेले असावेत असा हुकूम आहे. हा अर्धा तास देण्यामागे कायदेकारांचा हेतू काय असेल तो असो. आमच्या ऊसपट्ट्यात तो दिवा लागत नाही हे ध्यानात येण्यात खर्च होतो, आणि का लागत नाही याच्या चौकशीत उरलेली रात्र जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्या-कारखान्यांतून बॉयलर अग्निप्रदीपनाचे सोहळे होतात, चेअरमनसाहेब सपत्नीक पूजेला बसतात, गव्हाणीत मोळी पडते, आणि दोन-दोन ट्रॉल्या मागे जोडलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा रस्त्याला लागतात. एका बाजूला एवढा अग्नी प्रदीप्त होत असता दुसऱ्या बाजूला पाच वॅटचा एक दिवा पेटू नये, हा विरोधाभास इतक्या वर्षांच्या सवयीने आता कोणाला विरोधाभास वाटेनासा झाला आहे.

पूर्वी असे नव्हते. प्रवरानगरला सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला, त्या काळी ऊस मुख्यत्वे बैलगाडीतून येई आणि गाडीच्या कण्याखाली एक कंदील लोंबत असे. त्या कंदिलाचा कारभार सुटसुटीत होता. तेल असेपर्यंत तो जळे, तेल संपले की विझे, आणि तो का विझला हे सांगायला गाडीवानाला कोणाच्या सल्ल्याची गरज पडत नसे. बैलगाडी आजही पुष्कळ कारखान्यांच्या काट्यावर येते. परंतु तिचा निष्कपट कंदील मागे पडला, आणि त्याच्या जागी जो विजेचा दिवा आला त्याने आपल्याबरोबर संशय, तपास, उलटतपास आणि खोटी साक्ष ही सारी दरबारी प्रकरणे आणली.

कारखान्याच्या अड्ड्यालगत, काट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये वाहनांच्या विजेची कामे करणारा मिस्त्री बसलेला असतो. त्याच्याकडे दिव्याची फिर्याद घेऊन येणारा प्रत्येक मनुष्य फिर्यादीबरोबर निकालही घेऊन येतो. "मिस्त्री, बल्ब गेला वाटतंय," असे तो ट्रॅक्टरवरून उतरण्यापूर्वीच सांगतो. बल्ब हा सर्वांत दुबळा, सर्वांत स्वस्त आणि डोळ्यांसमोर असलेला आरोपी असल्यामुळे प्रथम त्यालाच अटक होते. काच उघडली जाते. तिच्यातून मागल्या पावसाळ्याचे पाणी, मूठभर पाचट आणि एखादा वाळलेला कीटक बाहेर पडतो. आणि मिस्त्री बल्ब दाबून, किंचित फिरवून, होल्डरमधून काढून उजेडाकडे धरतो. त्याच्या इवल्याशा पोटात दोन तारा असतात, एक पाच वॅटची, रात्रभर मंद जळण्यासाठी, आणि दुसरी एकवीस वॅटची, ब्रेक दाबताच भडकण्यासाठी; आणि दोहोंची अदलाबदल होऊ नये म्हणून त्याच्या कमरेच्या दोन खुंट्या मुद्दाम कमीजास्त उंचीवर बसवलेल्या असतात. परदेशातील ज्या अभियंत्याने ही तजवीज केली त्याने मनुष्याच्या बुद्धीचा अंदाज अचूक बांधला होता, पण मनगटाचा बांधला नव्हता. आमच्याकडे बल्ब उलटाही बसतो. मग ट्रॉली रात्रभर ब्रेक लावल्याचा देखावा करीत चालते, आणि खरोखर ब्रेक लागतो तेव्हा तिचा दिवा मोठ्या विनयाने जेमतेम पाच वॅटची भर घालतो.

परंतु दहांतील आठ-नऊ वेळा बल्ब निर्दोष असतो. त्याच्या दोन्ही तारा शाबूत असतात, आणि बॅटरीशी थेट जोडून पाहिला तर तो लख्ख पेटतो. येथे खऱ्या तपासाला आरंभ व्हावा; पण येथेच तपास आडवाटेला लागतो, कारण विजेविषयी आपणा सर्वांच्या मनात जी समजूत असते ती मुळात पाटाच्या पाण्याची असते. पाणी पाटाने येते, सरीत शिरते, मुरते, आणि त्याची कथा तेथे संपते. ते विहिरीत परत गेले की नाही हे कोणी विचारीत नाही. वीज अशी मुरत नाही. बॅटरीच्या एका टोकाने निघालेला प्रवाह दुसऱ्या टोकाला परत पोचल्याखेरीज मुळात निघतच नाही. जाण्याची वाट तारेची असते. ती दिसते, तिला रंग असतो, तिच्यावर काळी टेप गुंडाळलेली असते, म्हणून सारा तपास तिच्यावर चालतो. येण्याची वाट मात्र, तारेची काटकसर व्हावी म्हणून, वाहनाच्या लोखंडी सांगाड्यावर सोपवलेली असते. तिलाच मिस्त्रीमंडळी 'अर्थिंग' म्हणतात, आणि ट्रॉलीच्या दिव्यासंबंधी झालेल्या बहुसंख्य गुन्ह्यांतील खरा फरारी आरोपी तोच होय.

ट्रॅक्टरच्या पोटात ही लोखंडी वाट निर्वेध आहे. पण ट्रॉली हा स्वतंत्र इलाखा आहे, आणि दोन इलाख्यांच्या सरहद्दीवर एकच हुक आणि एकच पिन असते. मागच्या दिव्यात जळून परतणारा प्रवाह ट्रॉलीच्या सांगाड्यातून दांडीत, दांडीतून पिनेत, पिनेतून ट्रॅक्टरच्या हुकात, असा हातावर शिर घेऊन येतो. आणि त्या पिनेवर गंज, ग्रीस व रस्त्याची माती यांचा जो थर असतो त्यातून त्याला पार व्हावे लागते. ट्रॅक्टर ओढ देतो तेव्हा पिन हुकाला घट्ट भिडते आणि दिवा लागतो. उतारावर ट्रॉली पुढे सरते, पिन सैल होते आणि दिवा जातो. खड्डा आला की पुन्हा लागतो. रस्त्याची अवस्था जितकी वाईट तितका दिवा अधिक वेळा लागतो, असा एक अनुभवसिद्ध सिद्धांत यातून निघतो. आणि बांधकाम खात्याने त्याचा आपल्या बचावात अद्याप उपयोग केला नाही याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

यात दसऱ्याची भर पडते. खंडेनवमीला यंत्रे धुवावीत, पुसावीत, झेंडूच्या माळा घालाव्यात, ही आपली परंपरा. पण हंगामापूर्वी ट्रॉलीला रंग काढण्याचाही हाच मुहूर्त असल्यामुळे रंगारी दांडी रंगवतो, नटबोल्ट रंगवतो, आणि ज्या बोल्टाखाली अर्थिंगची तार आवळायची तो बोल्ट व त्याभोवतालचे लोखंड यांनाही दोन हात मारून ठेवतो. रंग विजेला सोडीत नाही. बालाजीचे चित्र, मालकाच्या चिरंजीवाचे नाव आणि पाठीमागे 'पुन्हा भेटू' अशी अक्षरे घेऊन ट्रॉली नववधूसारखी सजून निघते, आणि नेमक्या त्याच रात्रीपासून तिचा दिवा लागत नाही. "परवापर्यंत लागत होता, मिस्त्री, रंग दिल्यापासनं काय झालंय कळंना," असे मालक सांगतो, आणि आपण रोगाचे निदान स्वतःच्या तोंडाने उच्चारले आहे याचा त्याला पत्ता नसतो.

अर्थिंग तुटले म्हणजे दिवा सरळपणे विझतो असे मात्र नाही. सरळपणे विझता तर लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. परतीची वाट बंद झालेला प्रवाह निमूटपणे थांबत नाही. मिळेल त्या परक्या घराच्या परसातून वाट काढतो. धनी ब्रेक दाबतो. बल्बाच्या एकवीस वॅटच्या तारेतून आलेल्या प्रवाहाला सांगाडा सापडत नाही. तेव्हा तो शेजारच्या पाच वॅटच्या तारेत शिरतो, तिच्यातून मागच्या दिव्याच्या वायरीने उलटा पुढे येतो, आणि ट्रॅक्टरच्या मीटरमधील चिमुकल्या बल्बांतून जमिनीस लागतो. दृश्य असे दिसते, की पाय ब्रेकवर पडताच पाठीमागे ठार अंधार आणि समोर मीटरमध्ये मंद दीपोत्सव. मागचा दिवा आधीच लावलेला असेल तर त्याहून विलक्षण प्रकार घडतो. तोवर तो ब्रेकच्या वायरीतून चोरवाटेने परतून कसाबसा मिणमिणत असतो. ब्रेक दाबल्याबरोबर त्या वाटेवरही समोरून बाराच व्होल्ट येऊन उभे राहतात, दोन्हीकडचा जोर सारखा होतो, आणि दिवा जो काही जळत होता तोही मालवतो. थांबण्याची सूचना देण्यासाठी नेमलेला दिवा नेमका थांबताना डोळे मिटून घेतो. हे पाहून धनी 'लाईनमध्ये भूत आहे' असा अभिप्राय देतो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही, कारण तारेवाचून फिरणारे आणि भलत्याच ठिकाणी प्रकट होणारे असे काही तेथे खरोखर असते.

तारांच्या रंगांचे प्रकरण निराळेच आहे. ट्रॅक्टरच्या मागे जे सात काट्यांचे सॉकेट असते त्याचा नकाशा युरोपात केव्हाच मुक्रर झालेला आहे: पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, तांबडी ब्रेकची, तपकिरी व काळी उजव्या-डाव्या मागच्या दिव्यांची, निळी धुक्याच्या दिव्याची, आणि तिसऱ्या काट्यावरची पांढरी अर्थिंगची. हा दस्तऐवज आमच्या घरगुती वायरिंगच्या रिवाजाशी सरळ विरोधात जातो, कारण घरात हिरवी तार अर्थिंगची असते. गणपतीची रोषणाई आणि वास्तुशांतीचे मांडव करून हात बसलेला वायरमन हंगामात ट्रॉलीकडे वळतो, हिरवी तार पाहून पूर्ण विश्वासाने ती सांगाड्याला आवळतो, आणि मग धन्याने उजवीकडे वळण्याची इच्छा प्रकट केली की फ्यूज उडतो. डावीकडे वळले तर काही होत नाही. म्हणून काही दिवस धनी डावीकडेच वळून काम भागवतो, आणि कंटाळून अखेर फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातील चांदी घालतो. ही चांदी अत्यंत स्वामिनिष्ठ असते; ती काही केल्या उडत नाही; तिच्याऐवजी आतली वायर जळते. कित्येक ठिकाणी तर रंगांचा हा वादच मुळापासून मिटवलेला असतो, कारण दुकानात त्या दिवशी तांबड्या वायरीचे भेंडोळे शिल्लक होते, म्हणून सातही तारा तांबड्या असतात.

वायरीच्या लांबीवरही दोन पंथ आहेत. आखूड वायर व्यवस्थित दिसते, पण कारखान्याच्या फाटकातून काटकोनात आत वळताना ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्यातील अंतर एका बाजूने वाढते, आणि सारा हंगाम हातांनी न निघणारा प्लग त्या क्षणी सहज निघून येतो. लांब वायर हा धोका टाळते. ती रस्त्यावर लोळत, घासत जाते, आणि महिन्याभरात तिच्या पोटातले तांबे उघडे पडते. मध्यममार्ग म्हणजे वायरीला झोल ठेवून ती दांडीला सुतळीने बांधणे. पण ती सुतळी मोळी बांधायला कोणीतरी सोडून नेतो.

आता मिस्त्रीच्या उलटतपासाकडे वळू. त्याच्याजवळ दोन साक्षीदार असतात. एक अंकी मीटर, पिवळ्या वेष्टनाचा, शहरातून आणलेला. आणि दुसरा जुना टेस्ट लॅम्प, म्हणजे होल्डरला दोन तारा लावलेला एकवीस वॅटचा साधा बल्ब. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून मिस्त्री आधी मीटर लावतो, आणि मीटर प्लगवर बिनदिक्कत बारा व्होल्ट दाखवतो. बल्ब चांगला, व्होल्ट पुरेपूर, आणि उजेड नाही! याचे इंगित असे, की मीटर प्रवाह जवळजवळ मागतच नाही. म्हणून आत तुटत आलेल्या वायरीचा एक केस जरी शिल्लक असला तरी तो बारा व्होल्टची ग्वाही देऊन मोकळा होतो. दिव्याला मात्र पावणेदोन अँपियर रोकड लागते, आणि तो मागितल्याबरोबर त्या केसाचे दिवाळे बाहेर पडते. एखाद्या सांध्यावर अवघा दोन ओहमचा हिरवा गंज बसला तरी बाराच्या ठिकाणी बल्बाला नऊ-सव्वानऊ व्होल्ट पोचतात, आणि व्होल्ट एवढे उतरले की उजेड निम्म्याहून खाली जातो.

हा सारा हिशेब गेऑर्ग झिमोन ओहम या कोलोनच्या शाळेतील शिक्षकाने १८२७ साली छापून ठेवला होता. त्याच्या देशातील विद्वानांनी त्या ग्रंथाची उपेक्षा केली, आणि लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक देऊन त्याचे चीज केले ते १८४१ साली. चौदा वर्षे थांबावे लागले याबद्दल त्याच्या चरित्रकारांना हळहळ वाटते; आमच्या अड्ड्यावर त्याचा नियम अजून दाखल व्हायचा आहे, तेव्हा ही हळहळ जरा आवरती घ्यावी.

अड्ड्यावरच्या एका मिस्त्रीचे काम मी बराच वेळ बाकड्यावर बसून पाहिले आहे. त्याने मीटर बाजूला ठेवला, बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब वायर ओढत ट्रॉलीच्या शेपटीपर्यंत नेली, तिचे सोललेले टोक दोन बोटांत धरून होल्डरच्या पत्र्याला टेकवले, आणि वर आसनावर बसवलेल्या पोराला हाक दिली: "बारक्या, दाब ब्रेक!" पोराने क्लच दाबला. "आरं, उजव्या पायाखालचा!" मग ब्रेक दाबला गेला आणि दिवा असा भडकला की पलीकडे चहा पिणारे तोडकरी वळून पाहू लागले. वायर काढली, दिवा गेला, लावली, आला. एवढा निर्विवाद पुरावा मी कोणत्याही न्यायालयात पाहिलेला नाही. मिस्त्रीने होल्डरच्या बुडाशी पॉलिश पेपरने रंग खरवडला, लोखंड चांदीसारखे चकाकल्यावर तेथे नवा बोल्ट आवळला, त्याच्यापासून स्वतंत्र पांढरी वायर थेट प्लगच्या तिसऱ्या काट्यापर्यंत आणली, आणि सांध्यावर बोटाने थोडे ग्रीस फासले. यापुढे परतीच्या प्रवाहाला पिनेच्या मेहेरबानीची गरज उरली नाही.

मालक हे सारे पाहत होता. त्याचा चेहरा समाधानी नव्हता.

"मंजे बल्ब चांगलाच हुता?"

"चांगलाच की, आबा. अर्थिंग नव्हतं."

"मग किती झालं?"

मिस्त्रीने सांगितलेला आकडा अवाजवी नव्हता, पण मालकाने एकदा त्या पांढऱ्या वायरीकडे, एकदा त्या एकुलत्या बोल्टाकडे आणि एकदा मिस्त्रीकडे पाहिले, आणि "एवढ्याशा वायरीचं?" असा प्रश्न केला. या प्रश्नाला विद्युत्‌शास्त्रात उत्तर नाही. तास-दीड तास केलेले निदान, ट्रॉलीखाली पाठीवर पडून शोधलेला सांधा, भुताचा केलेला बंदोबस्त, यांपैकी काहीही हातात घेऊन दाखवता येत नाही. आणि जे हातात घेता येत नाही त्याचे पैसे मोजण्याचा रिवाज आमच्याकडे ज्योतिषाखेरीज इतरांच्या बाबतीत पडलेला नाही. बल्बाचे तसे नाही. नवा बल्ब खोक्यातून निघतो, त्याची काच चकाकते, त्याची किंमत खोक्यावर छापलेली असते, आणि तो बसवला म्हणजे काहीतरी झाले असे वाटते. निर्दोष बल्बाला वर्षानुवर्षे शिक्षा का होते याचे मूळ मिस्त्रीच्या अज्ञानात नसून गिऱ्हाइकाच्या जमाखर्चात आहे.

अलीकडे एलईडी दिवे आले आहेत, पण त्यांनी गुंता कमी केला असे म्हणवत नाही. ते इतका थोडा प्रवाह घेतात की ट्रॅक्टरच्या फ्लॅशरला बल्ब गेल्याचाच भास होतो, आणि घाबरल्यागत इंडिकेटर दुप्पट वेगाने उघडझाप करू लागतो. शिवाय दिवा कोणताही असो, ट्रॉली फडात भरली गेली की पाठीमागे हातभर बाहेर लोंबणारी उसाची टोके त्याच्यावर पडदा ओढतात, आणि तो आत, शुद्ध अर्थिंगाच्या जोरावर, एकट्या पाचटाला प्रकाश देत राहतो. हंगामाच्या आरंभी परिवहन खात्याची माणसे कारखान्यावर येऊन ट्रॉल्यांना तांबडे रिफ्लेक्टर चिकटवून जातात. त्यामागे, मला वाटते, पुष्कळ अनुभव आहे. कारण रिफ्लेक्टरला ना तार, ना फ्यूज, ना पिनेतून परतण्याची उठाठेव. उजेडाचा खर्चही तो मागून येणाऱ्याच्याच माथी मारतो.

इकडे आबा आणि मिस्त्री यांची घासाघीस चालूच होती. मिस्त्री तरबेज माणूस. त्याने होल्डरमधला चांगला बल्ब पुन्हा काढला, फळीवरच्या खोक्यातून नवा आणून बसवला, दिवा लावून दाखवला, आणि मघाचाच आकडा नव्या नावाने सांगितला. "ह्ये बगा, बल्बाचे इतके, बसवायचे इतके; वायर राहू द्या, ती माझ्याकडनं." आबांनी एका शब्दाने न कुरकुरता नोटा मोजल्या, आणि निघताना पुढच्या ट्रॅक्टरवाल्याला सांगितले, की बल्बच गेला होता, मी आधीच म्हणत होतो. काढलेला बल्ब मिस्त्रीने बनियनला पुसला आणि फळीवरच्या त्याच खोक्यात, इतर बल्बांच्या शेजारी, जपून ठेवला, आणि "बोला अण्णा, काय झालंय?" असे म्हणत तो पुढच्या ट्रॉलीकडे वळला.